मशीन नीट झालं की मी फिक्स

२ मार्च, सोमवार

मशीन पुन्हा अडकलं.

कॉम्प्युटरवरचा खेळ ऐन रंगात. शत्रू समोर, पुलावर, पाठमोरा. माझं बोट माउसवर. आणि चित्र थांबलं. शिंक येईल येईल म्हणून माणूस तोंड उघडून थांबतो ना, तसं. पुन्हा सुरू झालं तेव्हा मी मेलेलो होतो आणि तो पाठमोरा गृहस्थ माझ्या अंगावर उड्या मारत होता.

स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा असतो. सेकंदाला किती चित्रं पळतात त्याचा. त्यांना फ्रेम्स म्हणतात. माझ्या एकशे चाळीसच्या वर असतात आणि ऐन वेळी वीसवर येतात. ऐन वेळीच. एरवी नाही. यात मला डाव दिसतो.

स्पर्धा २२ तारखेला, रविवारी. टीममध्ये तिघेच लागतात आणि आम्ही चौघे आहोत. मी, माझा पुतण्या (हा कॅप्टन), त्याच्या ऑफिसातली एक चष्मिश मुलगी आणि डुलकी. डुलकी हा दोन डावांच्या मध्ये झोपतो. अक्षरशः. घोरणं ऐकू येतं. कॅप्टनने मागच्या आठवड्यात सगळ्यांसमोर सांगितलंय की काका, तुमचं मशीन नीट झालं की तुम्ही फिक्स. पोरगा शब्दाचा पक्का आहे, आमच्या घराण्यावर गेलाय. म्हणजे माझी जागा ठरलेलीच आहे. प्रश्न फक्त मशीनचा.

मशीन मी स्वतःच्या हाताने जोडलंय, एकेक भाग आणून. त्यामुळे जोडणीत चूक असण्याचा प्रश्नच येत नाही.

निर्धार: उद्यापासून शांतपणे, शास्त्रशुद्ध तपास. चिडायचं नाही.

३ मार्च, मंगळवार

चिडलो. पण कारण होतं.

मी कारखान्यात गुणवत्ता तपासणीला आहे. नव्या वस्तूंवर पातळ पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असतं ना, मोबाईलच्या काचेवर, फ्रिजच्या दारावर, ते आमच्याकडे तयार होतं. त्यातला केसाएवढा बुडबुडा मी लांबून ओळखतो. असा माणूस एक मशीन तपासू शकणार नाही?

संशयित क्रमांक एक, ड्रायव्हर. म्हणजे ग्राफिक्स कार्डाला कामाला लावणारं सॉफ्टवेअर. जुनं काढलं, नवं टाकलं. मग आवाज गेला. आवाज आणला तर स्क्रीन आडवी पसरली, सगळी माणसं बुटकी आणि जाडी दिसायला लागली. शेवटी जुनंच परत टाकलं. संध्याकाळ पाण्यात. मशीन पूर्वीसारखंच अडकतंय, पण आता मला खात्री आहे की ड्रायव्हरचा दोष नाही. ही प्रगतीच.

बायको म्हणाली, अहो, कशाला एवढं ओरडता, त्याला ऐकू येत नाही. मी म्हटलं, मी त्याच्यावर ओरडत नाहीये, त्याच्याजवळ ओरडतोय.

४ मार्च, बुधवार

इंटरनेट कंपनी! इतके दिवस डोक्यात कसं आलं नाही?

फोन लावला. आधी बराच वेळ सनई. मग एक पोरगी आली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, सर, नेट बंद करून नुसता सराव खेळून बघा, तेव्हाही अडकतं का? माझं पित्त खवळलं. प्रश्न मी विचारायचे की हिने? मी तिला स्पष्ट सांगितलं की तुम्ही पैसे घेता ते उलटतपासणीसाठी नाही. फोन आपटला.

नंतर नेट बंद करून बघितलं, सहज म्हणून. तेव्हाही अडकतं.

तिला परत फोन केला नाही. उगाच डोक्यावर चढवायचं नाही कुणाला.

६ मार्च, शुक्रवार

घरातले लोक मला वेड लावणार.

संध्याकाळी सराव. मी ओरडलो असेन की फ्रेम्स पडतायत, फ्रेम्स पडतायत! चार-पाच वेळा ओरडलो असेन. त्यात काय? खेळात सगळेच ओरडतात. सराव संपवून झोपायच्या खोलीत गेलो तर माझ्या उशीवर बाबांचा फोटो. शेजारी आजोबा. पायथ्याशी आमचं लग्न, माझा शाळेतला बक्षीस घेतानाचा फोटो आणि एक निसर्गदृश्य. आईने घरातल्या सगळ्या फ्रेम्स भिंतींवरून उतरवून ठेवल्या होत्या. म्हणाली, तू पडतायत पडतायत करत होतास, मी स्टुलावर चढून एकेक काढली, आता बघ बाबा खिळे.

या वयात स्टुलावर! पडली असती म्हणजे? मी तिला रागावलो. मग तिने मला समजावून सांगायला लावलं की फ्रेम म्हणजे नक्की काय. सांगितलं. ती म्हणाली, चित्रं पडतात म्हणजे मी तेच म्हणतेय ना.

खिळे बदलले. त्यात पूर्ण संध्याकाळ गेली. बाबा अजून थोडे तिरके आहेत.

७ मार्च, शनिवार

आज सापडलं! वरच्या मजल्यावरची बाई मिक्सर लावते. मिक्सर लागला की विजेचा दाब कमी होतो आणि माझं मशीन अडकतं. मी आज कान देऊन ऐकलं. मशीन अडकायच्या जरासं आधी घर्रर्र आवाज सुरू होतो. दर वेळी. न चुकता.

तडक वर गेलो. तिला म्हटलं, बाई, काय दळायचं ते सकाळी दळून घ्या. तिने दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली की मिक्सर बिघडलाय, दुरुस्तीला टाकलाय, हवं तर आत येऊन बघा. आत गेलो. बघितलं. ओट्यावर खरोखरच नव्हता. तिने वर मला विचारलं की रोज संध्याकाळी तुमच्याकडूनच घर्रर्र येतं, पिठाची गिरणी घेतलीत का?

खाली आलो. कान लावला. आवाज आपल्याच मशीनच्या पंख्याचा आहे.

पंख्यात भलताच दम आहे. चांगल्या वस्तू निवडल्या की असं होतं.

८ मार्च, रविवार

टीमबरोबर सराव. सगळ्यात आधी मी मेलो, प्रत्येक डावात, आणि प्रत्येक वेळी मशीनमुळे. मी दर वेळी तसं जाहीर केलं. म्हणजे नोंद राहते. चष्मिश प्रत्येक वेळी म्हणते, हो ना काका, मशीनच. समजूतदार मुलगी आहे.

कॅप्टन म्हणाला, काका, एकदा प्रोसेसरचं तापमान बघा. प्रोसेसर म्हणजे मशीनचा मेंदू. बघितलं तर अठ्ठ्याण्णव! आई शेजारीच बसली होती, ती म्हणाली, अरे मग ताप नाहीच. मी म्हटलं, आई, हे वेगळं माप आहे, यात पाणी उकळतं. ती घाबरली. मिठाच्या पाण्याची पट्टी ठेव म्हणाली.

अठ्ठ्याण्णव शक्यच नाही. मोजणारा खोटं मोजतोय. प्रोसेसरवर मी स्वतः कूलर बसवलाय, उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, जाडजूड, त्यावर तो गिरणीचा पंखा. हाताने चार स्क्रू पिळलेत.

मग बायकोने नको तो विषय काढला. म्हणाली, त्या मशीनच्या डब्याच्या काचेवरचं प्लास्टिक तरी काढा, त्याला वारा लागू दे. झालं! वारा आणि काच यांचा संबंध काय? प्लास्टिक असतं म्हणून वस्तू नवी राहते. आमच्या गाडीच्या सीटवर अजून आहे. रिमोटवर आहे. सोफ्यावर आहे. ती म्हणाली, पाहुणे सोफ्यावरून उठताना सालं निघाल्यासारखा आवाज येतो. येऊ दे. पाहुणे उठून जातात, सोफा नवा राहतो.

१० मार्च, मंगळवार

आईच्या खोलीतला टेबल फॅन आणून मशीनसमोर लावला. आई आमच्या खोलीत गेली झोपायला. बायको हॉलमध्ये आली. हॉलमध्ये मी असतो खेळायला. त्यामुळे दिवे बंद. त्यामुळे अंधारात खेळलो. त्यामुळे मेलो.

तापमान सत्त्याण्णव. एक अंश उतरला! फॅनचा परिणाम आहे.

कॅप्टनचा फोन आला. म्हणाला, आम्ही तिघे दोन-चार दिवस सराव करतो, तोवर तुम्ही मशीनकडे नीट लक्ष द्या, घाई नको, अजिबात घाई नको. किती विचार करतो माझा. त्यांना माझ्याशिवाय खेळायची सवय नाही, जड जाणार आहे. पण मी परवानगी दिली.

१२ मार्च, गुरुवार

आज रागाच्या भरात कीबोर्डवर मूठ आपटली. पुढे पळायची कळ उडाली आणि कपाटाखाली गेली. कपाट सरकवलं. कळ मिळाली नाही, बायकोचं हरवलेलं कानातलं मिळालं. तिला दिलं तर आनंद सोडून ती म्हणाली, म्हणजे तेव्हा तुम्ही मोलकरणीला बोललात ते उगाच ना. आता मला तो सगळा प्रकार पुन्हा ऐकावा लागला. हे सगळं त्या मशीनमुळे.

पुढे पळता येत नसल्यामुळे आज फक्त मागे मागे खेळलो. त्यातसुद्धा अडकलं.

रात्रीचं जेवण गिळवेना इतका संताप. मग लक्षात आलं. दोषी एकच उरलाय. कूलर! दुकानदाराने सदोष माल गळ्यात मारलाय. मी गिऱ्हाईक म्हणून सरळ दिसतो, हीच अडचण आहे. शनिवारी कूलर उपसून त्याच्या टेबलावर आपटणार. आवाज न चढवता, पण दुकानातल्या प्रत्येकाला ऐकू जाईल असं बोलणार.

१४ मार्च, शनिवार, सकाळी

निघतोय. भाषण पाठ झालंय. बायको म्हणाली, जमलं तर आधी विचारा आणि मग बोला. मी म्हटलं, उलट क्रमाने काम करणाऱ्यांचं कुणी ऐकत नाही.

१४ मार्च, दुपारी

जे घडलं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण दुसरीकडे कुठे ते सांगायचं नाही असं ठरवलंय.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. बरंच झालं, साक्षीदार. मी कूलर टेबलावर ठेवला आणि म्हटलं की हा थंड करत नाही. दुकानदार म्हणाला, काय वापर केलाय साहेब, आपटला-बिपटला नाही ना? आपटला! माझं कानशील तापलं. मी म्हटलं, मी वस्तू कशी वापरतो ते बघाच. आणि कूलर उलटा करून त्याच्या नाकाखाली धरला. म्हटलं, हे बघा, प्रोसेसरला टेकतो तो भाग. पाच महिने मशीन चालवलंय आणि याच्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही! एक चरा नाही! एक बुडबुडा नाही! वर हेही सांगितलं की माझा हा धंदाच आहे, इतक्या उष्णतेत टिकलेलं प्लास्टिक मी पाहिलेलं नाही, ज्याने हे केलंय त्याचा सत्कार व्हायला हवा.

दोन्ही गिऱ्हाइकं वाकून बघायला लागली. मला वाटलं, मुद्दा पोचला.

दुकानदाराने अगदी आदराने विचारलं, साहेब, हे असंच बसवलं होतं? मी म्हटलं, अर्थात. त्याने आत हाक मारून भावाला बोलावलं. भाऊ आला, त्याने बघितलं आणि मोबाईल काढून फोटो घेतला. मग एका गिऱ्हाइकाने घेतला. मग दुकानदाराने प्लास्टिकवरच्या लाल अक्षरांवर बोट ठेवलं. त्यावर लिहिलं होतं की बसवण्याआधी हे काढा.

मी म्हटलं, असं सगळ्याच प्लास्टिकवर लिहितात. आमच्या कारखान्यातही छापतो. कुणी काढतं का?

दुकानदार म्हणाला की तुम्ही तुमच्या मशीनच्या मेंदूला रेनकोट घालून वर पंखा लावला होता. उष्णता बाहेर येणार कुठून? म्हणून तो तापायचा, तापला की दम खायला थांबायचा, आणि तो थांबला की तुमचं चित्र अडकायचं. आणि हे बोलता बोलता त्याने टोकाला नख लावून ते प्लास्टिक चर्रकन ओढून काढलं. इतकं सुंदर बसलं होतं.

त्याने प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट फुकट दिली. म्हणाला, राहू द्या साहेब, दिवस चांगला गेला आमचा.

१४ मार्च, संध्याकाळी

शांतपणे विचार करता असं दिसतं की मशीनमधला दोष शेवटी मीच शोधला. मी कूलर काढला नसता, दुकानात नेला नसता, उलटा करून दाखवला नसता, तर कुणाला कळणार होतं? दुकानदाराने फक्त अक्षरं वाचली. वाचता तर मलाही येतं.

बायकोला मोजकंच सांगितलं. तरी ती हसत सुटली. हसून हसून सोफ्यावर बसली, सोफ्याचं प्लास्टिक कर्रर्र वाजलं, त्यावर पुन्हा हसली. आईने विचारलं काय झालं, तर तिला बोलताही येईना. या घरात माणसाच्या जिद्दीची कदर नाही.

१५ मार्च, रविवार

नीट झालं!!

बासष्ट अंश. एकशे चव्वेचाळीस फ्रेम्स. पाणी ओतल्यासारखं चित्र पळतंय. घर्रर्र नाही, काही नाही. नवा कीबोर्डही आणलाय. मी दहा मिनिटं नुसता त्या पुलावर पळत होतो, इकडून तिकडे, तिकडून इकडे. डोळ्यांत पाणी आलं. आईचा फॅन परत दिला.

ग्रुपवर लिहिलं: मशीन नीट झालं! आता बघा!

बराच वेळ कुणाचं काहीच नाही. तिघांनीही वाचलं होतं, तसं दिसतं. मग कॅप्टनचा एक अंगठा. मग चष्मिशचं 'वा काका', पुढे उद्गारचिन्ह नाही. तरुण मुलं आहेत, आनंद झाला की शब्द सुचत नाहीत त्यांना.

१६ मार्च, सोमवार

सराव. चित्र एकदाही अडकलं नाही. सगळ्यात आधी मी मेलो.

फरक एवढाच की या वेळी सगळं स्पष्ट दिसलं. तो माणूस उजवीकडून आला, आरामात चालत आला, मध्ये थांबून बंदूक भरली. मी डावीकडे बघत होतो.

कारण उघड आहे. इतक्या स्पष्ट चित्राची नजरेला सवय नाही. दोन दिवसांत होईल.

१७ मार्च, मंगळवार

खुर्ची उंच होती. चष्म्यावर दिव्याची तिरीप येत होती. नव्या कीबोर्डच्या कळा जवळ जवळ आहेत. दुसऱ्या डावात मी एकाला अचूक टिपला, पहिल्याच गोळीत, पण तो डुलकी निघाला. आपलाच. डुलकी म्हणाला, असू दे काका, तेवढीच झोप. मी म्हटलं, रंग नीट दिसत नव्हते. पूर्वी चष्मिश म्हणायची, मशीनच काका. आज तिने सरळ पुढचा डाव सुरू केला.

सराव संपला. येतो म्हटलं, हेडफोन टेबलावर ठेवला, पाणी प्यायला गेलो. बंद करायचं राहिलं. परत आलो तर टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक आवाजात तिघे बोलत होते.

कॅप्टन म्हणत होता की काकांचं मशीन नीट होईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं, म्हणून बोलून बसलो. चष्मिश म्हणाली, मग सांगून टाक ना सरळ. तो म्हणाला, कसं सांगू, मला सायकल शिकवलीय त्यांनी, मागून धावत यायचे. मग डुलकी म्हणाला, मी बसतो बाहेर, काकांना वाईट वाटायला नको. चष्मिश चिडली. तिघांत तूच एक नीट खेळतोस आणि तूच बाहेर बसणार? कॅप्टन म्हणाला, शब्द दिलाय मी. ती म्हणाली, मग हरायला जाऊ. तो हो म्हणाला.

हे मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण हेडफोन साधाच आहे, शब्द तुटत होते. नीट कळलं नाही.

संताप संताप झालाय. तोंडावर वा काका, मागे हे! उद्या दादाला फोन करून त्याच्या चिरंजीवांचे प्रताप सांगणार. आणि रविवारी खेळणार. दिलेला शब्द आहे. मी फिक्स आहे.

१८ मार्च, बुधवार, संध्याकाळी

दादाला फोन केला. तब्येत विचारली. पाऊण तास हवापाण्याच्या गप्पा मारल्या. ठेवला.

मशीन लावलं. एकटाच खेळत बसलो, आज अडकेल या आशेने. सगळे पर्याय वाढवून ठेवले, पाण्याच्या लाटा, गवत, सावल्या, सगळं. मागे ब्राउझर उघडला, गाणी लावली. एकशे चव्वेचाळीस. पुलाच्या मध्यावर उभं राहून चारी दिशांना गोळ्या झाडल्या. एकशे चव्वेचाळीस. मी त्याला म्हटलं, अडक की लेका. एकदा तरी अडक. इतके दिवस छळलंस, आता एकदा माझ्यासाठी अडक. डोकं इतकं फिरलं की उचलून खिडकीबाहेर फेकावं.

मग ग्रुपवर लिहिलं: पुन्हा अडकतंय. फ्रेम्स पडतायत. रविवारी माझ्या भरवशावर राहू नका.

उत्तरं एकावर एक आली, मी हात काढायच्या आत. अरेरे काका. छे, काय हे. चष्मिशने रडक्या चेहऱ्यांची रांग लावली. डुलकी जागा होता. कॅप्टनने लिहिलं, फार वाईट वाटलं काका, तुम्ही असता तर मजा आली असती, पुढच्या वेळी नक्की तुम्ही फिक्स. कधी नव्हे एवढी उद्गारचिन्हं होती.

बायको आतून म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, परत अडकतंय. ती हात पुसत बाहेर आली, माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. स्क्रीनवर माझा माणूस पुलावरून पळत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे, कुठेही न थांबता. ती ते बराच वेळ बघत राहिली.

मग म्हणाली, हो, फारच अडकतंय हो. आणि पानं घ्यायला आत गेली.